बेस हवा, तर बेसवाला आणा

कोकणात कार्यक्रम ठरला की मंडळाच्या बैठकीत तारीख आणि जेवण यांच्या खालोखाल प्रश्न येतो तो बेसचा, म्हणजे घुमणाऱ्या खालच्या आवाजाचा. "बेस किती लावतलस?" म्हणजे अठरा इंची स्पीकरच्या पेट्या किती आणणार. चार, आठ, की टेम्पो भरून? साउंडवाला आकडा सांगतो, त्यावर भाडं ठरतं. कोणीतरी "गेल्या वर्षी शेजारच्या वाडीत बारा होत्या" अशी आठवण काढतो, आकडा वाढतो आणि बैठक पुढे सरकते. बेस वाजवणार कोण, हे कोणी विचारत नाही. बेस वाजवायला माणूस लागतो, हेच अनेकांच्या गावी नसतं.

मी बेस गिटार, म्हणजे खालचे सूर देणारी जाड तारांची गिटार वाजवतो. कुडाळ-सावंतवाडी भागातले ऑर्केस्ट्रे, हळदी, पूजेनंतरचे करमणुकीचे कार्यक्रम, आणि हंगामात पत्रादेवी ओलांडून गोव्यातली लग्नं आणि हॉटेलं. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्यात माझ्या पोटाचा प्रश्न गुंतलेला आहे; तो वजा करून वाचावं. माझं म्हणणं इतकंच की, आमच्या किनारपट्टीवर लोकांना होणारा बेसचा जाच आणि बेस वाजवणाऱ्याला न मिळणारं काम या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. पैसे पेट्यांवर जातात म्हणून हातांवर जात नाहीत. आणि आवाजाचा जो नियम आपण लावतो, तो नेमका पेट्यांकडे काणाडोळा करून हातांना पकडतो.

या वाद्याची जन्मकथा इथे सांगायला हवी, कारण ती आजच्या प्रकाराच्या अगदी उलट आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. स्वतःला गिटार येत नसे. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला. तोवर बँडमध्ये खर्जाचं, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांचं काम करायचा तो माणसाहून उंच डबल बेस. तो गाडीत चढवणं हेच एक दिव्य, आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गलक्यात तो धड ऐकूही येत नसे. फेंडरने लाकडाची एक भरीव फळी घेतली, चार तारा ताणल्या, तारांची कंपनं टिपणारा पिकअप बसवला आणि सूर नेमका लागावा म्हणून मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे, ठोकले. खांद्याला अडकवून निघालं की झालं. म्हणजे बेस गिटार जन्माला आली ती वादकाच्या डोक्यावरचं ओझं उतरवण्यासाठी. आज बेसच्या नावाने टेम्पो भरतात, दोन हमाल लागतात आणि जनरेटर वेगळा.

बरं, वाद्याला तरी एवढ्या पेट्या लागतात का? बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की तिची सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. पाच तारांच्या बेसची पाचवी तार त्याहून खाली, ३१ च्या आसपास. आकडे ऐकून वाटतं की एवढा खोल सूर काढायला राक्षसी पेट्याच हव्यात. पण तार कधी एकच सूर देत नाही. तिच्यातून त्याच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही निघत असतात, आणि आपला कान बेसचा सूर ओळखतो तो मुख्यतः या वरच्या सुरांवरून. म्हणून तर १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर जेम्स जेमरसनने वाजवलेला बेस लोकांना मोटारीतल्या छोट्या रेडिओवरही कळला. हा माणूस उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तारा बदलायचा जवळपास कंटाळाच करायचा. त्याच्या त्या जुन्या, बोथट तारांच्या आवाजावर जगभरच्या बेसवाल्यांची एक अख्खी पिढी पोसली. दहा इंची स्पीकरची एक बरी पेटी आणि मिक्सरकडे जाणारी एक स्वच्छ वायर, एवढ्यावर गावच्या मांडवात बेस गिटार पोटभर ऐकू येते. अठरा इंची पेट्यांची भिंत दुसऱ्याच कामासाठी असते. ती ऐकवायला नसते, छातीत बुक्के मारायला असते.

बेसवाले एकत्र जमले की मात्र भिंतीबद्दल बोलत नाहीत. कार्यक्रम संपवून पहाटे झारापच्या तिठ्यावर चहाला थांबलो की विषय ठरलेले: चार तारा की पाच, बोटं की प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी चकती), ॲक्टिव्ह की पॅसिव्ह. मलाही यात मतं आहेत आणि ती मी दडवत नाही. चार तारा पुरतात. पाचवी तार चर्चमधल्या मोठ्या गायनाला किंवा आधुनिक गॉस्पेलला शोभते, पण मालवणी हळदीत ती वाजली काय आणि न वाजली काय. बोटांनी वाजवावं, पण प्लेक्ट्रमची हेटाळणी करू नये. कॅरोल के यांनी आयुष्यभर प्लेक्ट्रमने वाजवून अमेरिकेतल्या स्टुडिओंत भल्याभल्या पुरुषांना मागे टाकलं. ॲक्टिव्ह बेसच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि ती रात्री बारानंतरच मान टाकते, जेव्हा वाडीतलं एकमेव दुकान बंद असतं. म्हणून मी पॅसिव्हवाला. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर फटका मारणं? एखाद्या गाण्यात, तोंडी लावायला. सगळीकडे लावलं की जेवण बिघडतं.

या किनाऱ्यावर खरा वाद कंपन्यांच्या नावांचा नाहीच, हवेचा आहे. वेंगुर्ल्याला समुद्रालगतच्या हॉटेलात आठवडाभर वाजवलं की नव्या कोऱ्या राउंडवाउंड (खडबडीत वेटोळ्याच्या) तारांवर बोट फिरवताना खरखर लागते, आणि तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजचे बारीक स्क्रू तर दोन पावसाळ्यांत असे गंजतात की ॲलन की आत फिरता फिरत नाही. तार टेकते ते सॅडल वर-खाली करायचं म्हटलं की आधी तेलाचा थेंब, मग वाट बघणं, मग देवाचं नाव. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, मानेचा बाक बदलतो आणि बाराव्या पडद्याच्या पुढे तारा खडखडू लागतात. तेव्हा मानेतल्या सळईला, ट्रस रॉडला, पाव फेरा, एक दिवस विश्रांती, पुन्हा बघायचं. ज्यांना घाई असते ते अर्धा फेरा देतात आणि मग पणजीपर्यंत दुरुस्तीवाला शोधत हिंडतात. फ्लॅटवाउंड तारा महाग पडतात, पण गुळगुळीत असल्याने घाम आणि मीठ त्यांच्या वळ्यांत साचत नाही. पुण्याचा वादक फ्लॅटवाउंड लावतो ती आवाजासाठी, आमच्याकडे ती निम्मी खाऱ्या हवेपायी लागते. आणि अर्थिंग! गावच्या मांडवात तिसऱ्या पिनेला काही जोडलेलंच नसतं. गिटारच्या तारांना हात लावला की घुंघुं थांबते, हात काढला की सुरू. तशात माइकला ओठ लागले तर असा झटका बसतो की गायक पुढचं कडवं विसरतो. मी साध्या टेस्टरशिवाय घराबाहेर पडत नाही.

या गप्पांत मी तासन् तास रमतो, पण आमचं काम राहील की जाईल ते यातल्या एकाही गोष्टीने ठरत नाही. ते बैठकीतल्या त्या आकड्याने ठरतं. अंदाजपत्रकात साउंडला एक मोठी रक्कम बाजूला पडते, लाइटला दुसरी. उरलेल्यात गायक, गायिका, निवेदक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी. या यादीत बेसवाला शेवटचा आणि कात्री लागली की पहिला. "बेस कीबोर्डवर येता मरे," असं म्हटलं की विषय मिटतो. कीबोर्डवाल्याचा डावा हात खर्ज धरतो, किंवा त्याहून सोपं म्हणजे पेनड्राइव्हवर तयार ट्रॅक असतो. त्यात बेस, ड्रम, व्हायोलिन सगळं कोंबलेलं. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये तर एकच माणूस गिटार गळ्यात अडकवून लॅपटॉपवर बटण दाबतो आणि अख्खा बँड वाजतो. वन-मॅन बँड म्हणतात त्याला. त्या माणसाला मी दोष देत नाही. मालकाने एकाचेच पैसे देऊ केले, तर तो दुसऱ्याला कुठून आणणार?

ट्रॅकमध्ये काय बिघडलं, असा प्रश्न मला मंडळवाले विचारतात, आणि प्रामाणिकपणे विचारतात. आवाज तर स्टुडिओतला, चकाचक. चूक होत नाही. तर एका हळदीची गोष्ट सांगतो. नवरदेवाची आत्या गायला उभी राहिली. वय झालेलं, पण एके काळी गावच्या भजनात पुढे असायची. तिने सांगितलेलं जुनं गाणं पेनड्राइव्हवर निघालं, ट्रॅक सुरू झाला. मुखडा निभावला. अंतऱ्याला तिला दम लागला, ती दोन मात्रा उशिरा उठली आणि तेवढ्यात ट्रॅक पुढे निघूनही गेला. आत्या धावत्या एसटीच्या मागे लागावी तशी त्या ट्रॅकच्या मागे, आणि भिंतीतून धाडधाड बेस, तो काही कोणासाठी थांबेना. शेवटी तीच माइकमध्ये म्हणाली, "झिलांनू, माका वायच दम घेवक देवा." लोक हसले. कीबोर्डवाल्याने शहाणपणा केला आणि ट्रॅक बंद केला. त्या रात्री नशिबाने मी होतो, ढोलकीवाला होता. तिने जिथे सूर धरला होता तो बघितला तर ट्रॅकपेक्षा अर्ध्या सुराने खाली. मी तिथेच षड्जावर बसून राहिलो, फक्त पहिल्या मात्रेला एक ठोका. ढोलकीवाल्याने लय उतरवली. आत्या सावरली, अंतरा पुरा केला, वर आणखी एक कडवं म्हणाली जे रेकॉर्डवर नाहीच. अंगणातल्या बायका सोबत गायल्या.

यात माझी करामत काही नाही. कोणताही बरा बेसवाला हेच करील, कारण हेच त्याचं काम आहे. सूर शोधण्यापेक्षा तो कधी सोडायचा हे ठरवणं. डाव्या हाताचं बोट तारेवरून जरासं उचललं की सूर मिटतो. किती लवकर उचलायचं यावर गाणं चालतं की फरफटतं हे अवलंबून असतं. शिकवणीला येणाऱ्या पोरांना मी पहिले काही महिने सूर कमी आणि शांतता जास्त वाजवायला लावतो. पोरं कंटाळतात. निम्मी ड्रमकडे वळतात.

आणि ही कला काही बाहेरून आलेली नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणकेचा गोळा थापणारा भजनी वादक नेमकं तेच करतो. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवांची पट्टी बदलली की तो हाताला पाणी लावून कणीक वाढवतो, कमी करतो, थाप देऊन बघतो, पुन्हा चिमूटभर काढतो. घुमट वाजवणारा एका हाताने कातड्यावर ठोका देतो आणि दुसऱ्या तळव्याने मडक्याचं मागचं तोंड कमी-जास्त झाकून तोच ठोका वर-खाली वाकवतो. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला तो उगाच नाही. या किनाऱ्याला खर्ज हाताने घडवायची सवय जुनी आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीताला गोव्याने जे वादक दिले तेही याच मातीतले. चर्चच्या शाळांत लहानपणी स्वरलेखन शिकलेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर झाले, राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत होते. रेकॉर्डच्या वेष्टणावर अशा वादकांची नावं क्वचितच छापली जात. पुढे १९८० च्या दशकात सिंथेसायझर आले आणि स्टुडिओतले ताफे पांगले. जे तेव्हा मुंबईत घडलं, तेच आता वाडीवाडीत घडतंय. फरक इतकाच की तेव्हा निदान शेजाऱ्यांच्या खिडक्या हादरत नव्हत्या.

आता त्या खिडक्यांकडे येतो, कारण सार्वजनिक प्रश्न तिथे आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या सीमेवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल ते. हे आकडे पोलिसांना पाठ असतात, साउंडवाल्यालाही. पण या डेसिबलच्या पुढे कंसात एक 'ए' असतो, त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. सगळी मेख तिथे आहे.

माणसाचा कान हळू आवाजात खर्ज कमी ऐकतो. आवाज मोजायच्या मीटरने कानासारखं मोजावं म्हणून त्याच्यात 'ए' नावाची गाळणी बसवतात. ती खालचे सूर हिशेबातून कापते. सेकंदाला १००० कंपनांच्या आवाजाला ती हात लावत नाही. १०० कंपनांच्या आवाजातून सुमारे १९ डेसिबल वजा करते, ५० च्या आवाजातून तब्बल ३०. म्हणजे डीजेच्या भिंतीतून ५० कंपनांचा धडाका ९५ डेसिबलने आदळत असला, तर तेवढ्यापुरता 'ए' मीटर दाखवणार ६५. उलट सनई, ट्रम्पेट, ताशाची काडी, झांज हे सगळं वरच्या पट्टीतलं. तिथे मीटर जवळजवळ पुरते गुण देतो. परिणाम काय होतो बघा. गावचा ताशेवाला मीटरपुढे लगेच दोषी. आमचा ऑर्केस्ट्रा, ज्यात गायिकेचा आवाज आणि ढोलकीची चाट सर्वांत पुढे, तोही दोषी. भिंतवाला मात्र वरचे टॉप स्पीकर जरा खाली घेतो, खालच्या पेट्या तशाच ठेवतो आणि मीटर समाधान पावतो.

जवळ उभं राहिलं तर भिंतही 'ए' मीटरवर सपशेल नापास होते, हे मान्य. पण तक्रार करणारा जवळ नसतो. तो दोन वाड्या पलीकडे असतो. वाटेत झाडं, हवा, भिंती यांत किणकिणाट जिरून जातो आणि उरतो तो नुसता ठोका. ५० कंपनांच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास सात मीटर. चिऱ्याची भिंत तिला काय अडवणार? त्यात आमच्याकडची घरं कौलारू. माझ्या परिचयातल्या एका घरात रात्री भिंतीवरच्या फळीतली स्टीलची ताटं एका सुरात वाजू लागतात, अंथरुणावर पडलेल्या आजोबांना तो ठोका बरगडीत कळतो, आणि तिथे मीटर धरला तर आकडा असा येतो की तक्रार करणाराच खोटा पडावा. गोव्यात हणजूण-वागातोर भागातले रहिवासी आवाजाविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टाचे उंबरे झिजवत आहेत. त्यांच्या तोंडूनही गाण्यांची नावं ऐकू येत नाहीत, ठोका ऐकू येतो.

मोजण्याची दुसरी रीत आहे. 'सी' नावाची गाळणी ५० च्या आसपासचे आवाज जवळपास जसेच्या तसे मोजते, एखाद-दोन डेसिबलच वजा करते. त्यासाठी नवं यंत्र मागवायला नको. आवाज मोजणाऱ्या बहुतेक मीटरवर 'ए' आणि 'सी' शेजारी-शेजारी असतात. एकाच जागी दोन्ही आकडे घ्यायचे. 'सी'चा आकडा 'ए'पेक्षा पंधरा-वीस डेसिबलने जास्त आला, की समजावं, इथे गाणं कमी आणि पेट्या जास्त आहेत.

नियम केंद्राचा आहे आणि तो बदलायला काळ जाईल. पण परवानगी स्थानिक पातळीवर मिळते आणि ती अटींसकट मिळते. मिरवणुकीचा मार्ग, वेळ, स्वयंसेवकांची यादी या अटी आपण घालतोच. त्यात दोन ओळी वाढवाव्यात: खालच्या पेट्यांची संख्या ठरावीक मर्यादेत, आणि सर्वांत जवळच्या घराच्या अंगणात 'ए'सोबत 'सी'चीही नोंद. माझ्या मते दहाच्या घड्याळापेक्षा या दोन ओळी जास्त उपयोगी आहेत. घड्याळ आंधळं असतं. रात्री साडेदहाला हार्मोनियम, पखवाज आणि झांजांवर दशावतार रंगात आला असेल तर तो आणि भिंत एकाच दोरीत बांधणं हा मला अन्याय वाटतो. माइक आला की नियम लागणारच, मान्य. पण कोणत्या आवाजामागे पोलीस आधी धावतात, याला काही तारतम्य नको का?

समोरची बाजूही मला ऐकू येते. पोरांना नाचायला ठोका हवा. तरुण रक्त आहे, वर्षभर मुंबईत लोकलला लोंबकळणारी पोरं चार दिवस गावी येतात, त्यांनी काय ओवाळणीच्या आरत्यांवर नाचायचं? नाही. नाचा, भरपूर नाचा. पण नाचायला लागतो तो ठोक्याचा नेमकेपणा, त्याचं वजन नव्हे. ढोल-ताशावर आपले बाप-आजे घाम निघेस्तोवर नाचले, शिमग्याला रोंबाट, म्हणजे नाचत-गात मिरवणूक, निघतं त्यात कुठली पेटी असते? दुसरा मुद्दा साउंडवाल्याचा. तोही आपलाच, कर्ज काढून पेट्या घेतलेला, हप्ता फेडणारा. त्याच्या पोटावर पाय द्यावा असं मी म्हणत नाही. उलट सर्वांत जास्त मार तोच खातो. शंभर डेसिबलच्या आवाजात कामाच्या जागी दिवसाला पाव तासापेक्षा जास्त राहू नये, असं कानाचं आरोग्य बघणारे तज्ज्ञ सांगतात. हा पंचविशीतला पोरगा सहा-सहा तास भिंतीशेजारी उभा असतो, कानात कापसाचा बोळाही नसतो. चाळिशीत तो मिक्सिंग काय करणार?

तिसरा आक्षेप मला खरा बोचतो: "बेसवाला आणू म्हटला तरी मिळता खंय?" मिळत नाही, हे खरं. सिंधुदुर्गात ऐन लग्नसराईत दोन तारखा एकत्र आल्या की आम्ही एकमेकांचे कार्यक्रम वाटून घेतो, तिसरा आला तर हात वर. गोव्यात पणजीची कला अकादमी आहे, चर्चमधली परंपरा आहे, तिआत्राच्या, म्हणजे कोकणी नाटकाच्या, रंगमंचाखाली बसणारा जिवंत बँड आहे. तिथे मुलगा वाजवताना बघतो आणि शिकतो. इकडे मुलाने बेस बघायचा तो मोबाइलवर. पण हे कोंबडी आधी की अंडं असं कोडं नाही. काम असलं की वादक तयार होतो, याला भजन साक्षी आहे. गावोगाव डबलबारीच्या सुपाऱ्या मिळतात म्हणून गावोगाव पखवाज शिकणारी पोरं आहेत. त्यांना कोणी शिष्यवृत्ती दिलेली नाही.

यात आमच्या जमातीलाही दोन शब्द ऐकवायला हवेत. वॅटच्या बढाया आपणही मारतो. वॅट दुप्पट केले की वाढतात तीन डेसिबल, ऐकणाऱ्याला जेमतेम कळण्याइतके. पण पेटीचं वजन आणि हप्ता चांगलाच कळतो. साउंड चेकला आवाज वाढवत नेणारा पहिला माणूस बऱ्याचदा बेसवालाच असतो, मग गिटारवाला वाढवतो, मग ड्रमवाला जोरात मारतो, आणि गायिकेचा आवाज गळ्यातच राहतो. आपणच भिंत बांधायला लागलो तर भिंतवाल्याला बोलायचा हक्क कुठला? आणि एक: पैसे आधी ठरवा, लेखी ठरवा. "कार्यक्रम झाल्यावर बघूया" या वाक्यावर पहाटे चार वाजता रिकाम्या खिशाने पिकअप गाडीत चढलेले वादक मला ढिगाने माहीत आहेत.

सार्वजनिक पैशाची गोष्ट वेगळी आहे, तिथे मला सौजन्य दाखवावंसं वाटत नाही. पर्यटन महोत्सव, नगरपंचायतीचे उत्सव, सरकारी वर्धापनदिन यांच्या रंगमंचावर ट्रॅकवर ओठ हलवणारा गायक आणि मागे पेट्यांचा डोंगर हे करदात्याच्या पैशाने व्हायचं कारण नाही. तिथे नियम सरळ असावा: ध्वनी आणि प्रकाश यांवर जेवढं खर्च कराल, तेवढं तरी वाजवणाऱ्या-गाणाऱ्या माणसांवर खर्च करा. त्यात बेसवालाच हवा असा माझा हट्ट नाही. घुमट आणा, पखवाज आणा, तिआत्रातला ट्रम्पेट आणा. हात दिसले पाहिजेत.

खाजगी मंडळांवर अशी सक्ती करता येणार नाही. तिथे मी एक हिशेब मांडून बघितला आहे. बाराऐवजी चार पेट्या घ्या. छोटा टेम्पो, जनरेटर लहान, डिझेल कमी, हमाल एकच. वाचलेल्या भाड्यात बेसवाला, ढोलकीवाला आणि बहुतेक वेळा एक बासरी किंवा ट्रम्पेट बसतो. हा हिशेब मी एका ओळखीच्या साउंडवाल्यापुढे ठेवला. त्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, माझं नुकसान नाही यात. पेट्या कमी झिजतील, टेम्पो कमी धावेल, वर लाइव्ह बँडचं मिक्सिंग करायला मला दर वाढवून मागता येईल. तो तयार आहे. त्याची अडचण एकच: त्याने चार पेट्या लावल्या आणि शेजारच्या वाडीत दुसऱ्याने बारा लावल्या, तर पुढच्या वर्षी मंडळ त्या दुसऱ्याकडे जाणार. ही अडचण तो एकटा सोडवू शकत नाही, मीही नाही, एखादं सुज्ञ मंडळही नाही. ती सुटेल ती तालुक्यातल्या सगळ्या परवानगीपत्रांवर तीच एक अट छापली गेली, तर.